जवळचं पातं

सप्टेंबरात, आठाच्या सुमारास,
कालव्यातलं धुकं काठावर चढतं
आणि यिल्डर्टच्या पवनचक्कीचा बुरूज पुसून टाकतं.
उरतात नुसती चार पाती,
पिवळ्या आभाळावर काळी, कुशीवर वळलेली,
वर जातात, खाली येतात.

"जवळचं पातं चढतंय," रिंत्स म्हणतो,
"म्हणजे चक्कीचं तोंड दक्षिणेला. वारा जमिनीवरचा."
"जवळचं उतरतंय," मी म्हणते,
"तोंड उत्तरेला. वारा समुद्राचा."

स्वयंपाकघराची खिडकी एकच, खुर्च्या शेजारी शेजारी.
पण पाती आता सावलीची,
आणि सावलीला जवळ-लांब नसतं,
ते आपण आपल्या पदरचं घालतो.

डोक्यात कोणी कारकून बसला असावा.
"ठाऊक नाही" असा शिक्काच त्याच्याकडे नाही.
दोन अर्ज समोर, दोन्ही खरे वाटणारे,
तो एकावर ठप्प मारतो, ठामपणे,
आणि पापणी लवायच्या आत
तितक्याच ठामपणे दुसऱ्यावर.

मी बशी पुसते, वर बघते:
जवळचं चढतंय!
मधलं काही दिसलंच नाही.
पातं थांबलं नाही, अडखळलं नाही,
वळताना त्याला कोणी पाहिलं नाही.
रिंत्सला सांगत नाही.

एकतीस वर्षं बोटींवर घालवून
माझा भाऊ परत आलाय,
दोन पेट्या आणि कंबरदुखी घेऊन.
काल साखरेच्या पावाला लोणी लावता लावता म्हणाला,
"मी गेलोच नव्हतो, हिस्के.
हार्लिंगनला दोर सुटले, इंजिन अजून गुरगुरतही नव्हतं,
मी कठडा धरून उभा, बूट जागच्या जागी,
आणि धक्का निघाला.
आईला घेऊन, तुला घेऊन,
मिठाचं गोदाम, तो लंगडा कुत्रा, सगळं घेऊन
धक्का मागे मागे गेला.
मी म्हटलं, ही माणसं चालली कुठे?"

मी त्याच्या हातातून सुरी काढून घेतली.
लोणी फार लावत होता.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं,
की आमच्या डोळ्यांसमोर नुसती बोटीची निळी भिंत होती,
आणि ती सरकली तेव्हा
दगड माझ्या पायांखालून निघाले.
आईने माझं मनगट आवळलं,
"अगं, आपण कुठे चाललो," असं काहीसं पुटपुटली,
आणि मग, लगेच, सावरली.
घरी येऊन शेजारणींना सांगितलं:
पोरगा टाकून गेला.
मीही तेच पाठ केलं.
पाठ केलेलं जागचं हलत नाही.

कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर गेले.
बोट ओलं करून वर धरायची गरजच पडली नाही,
दक्षिणेकडच्या गोठ्यांतला शेणाचा वास
भपकन तोंडावर आला.
जमिनीवरचा वारा.
रिंत्स बरोबर होता, निदान चक्कीच्या बाबतीत.

आत येऊन तसं सांगितलं.
जिंकल्यावर तो नेहमी टेबलावर टिचकी मारतो,
आज मारली नाही.
"मला आता उतरताना दिसतंय," म्हणाला.

मी खिडकीशी गेले.
नाकात अजून शेण, वारा कुठला ते पक्कं माहीत,
हातच्या कांकणाला आरसा कशाला,
तरी जवळचं पातं
बिनदिक्कत खाली येत होतं.

मी बटणाकडे हात नेला.
"दिवा लावू नकोस," तो म्हणाला.
मग ओलं फडकं मांडीवर घेऊन मी बसले,
आणि धुकं पात्यांपर्यंत चढेतो
आम्ही दोघं
आळीपाळीने चुकत राहिलो.