तिसरं बक्षीस

साउथ शील्ड्सला सकाळी सहाला
नाइट शिफ्टवरून येते, बूट न काढताच
लॅपटॉप उघडते. चहा निवत राहतो.
बाहेर सीगल कुणाच्या तरी कचऱ्यावरून भांडतात.

शोधाच्या चौकटीत लिहिते: तोडणकर.
शून्य.
टोडंकर. टोडनकेर. टुडुंकुर.
शंभर वर्षांपूर्वीची शाई मशीन वाचतं
चष्मा हरवलेल्या तलाठ्यासारखं:
‘धाकू’चं ‘डक्का’ करतं, कधी ‘डॉक’ करतं,
आणि डॉक तर या गावच्या पानोपानी.

घरात ठाऊक होतं ते इतकंच:
धाकू तोडणकर, हर्णैचा, बोटीवर आगवाला.
बोट बुडाली, एकोणीसशे बारा.
पगाराचे सत्तावीस रुपये आले.

बोटीची बातमी सापडली चौथ्या सकाळी.
कॅप्टनचं नाव, त्याच्या बायकोचं गाव,
स्टुअर्डचं वय,
बोटीवरचं मांजर वाचलं हेसुद्धा.
आणि शेवटी अर्धी ओळ:
‘अकरा नेटिव्ह.’
मी ती मोठी करत गेले, मोठी करत गेले,
नुसते ठिपके उरेपर्यंत.

महिन्याचे पैसे कापले जात होते. थांबणारच होते.
पण एकदा वैतागून अर्धंच टाकलं: टॉड.
सप्टेंबर एकोणीसशे सव्वीस,
क्लबाच्या मागच्या हॉलमधलं भाजीप्रदर्शन,
खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीखाली:
‘लीक, जोडी. तिसरं बक्षीस डी. टॉड,
मूळचे बॉम्बेकडचे. एक तांब्याची किटली.’

सव्वीस?
मग उलटी निघाले, वर्षामागून वर्ष,
बाराच्या पोलीस कोर्टापर्यंत:
बोट सुटायच्या आदल्या रात्री पळालेला आगवाला,
डी. टॉडनकर, दहा शिलिंग दंड.
दंड भरला बोर्डिंग हाउसवाल्या मिसेस पर्व्हिसने.
का, ते पेपर सांगत नाही.

म्हणजे तो अकरांत नव्हताच.

आणि तिकडे हर्णैला दर सर्वपित्रीला
त्याच्या नावाचं पान मांडलं जायचं
आणि कावळा शिवायचा नाही.
‘इच्छा राहिलीय काहीतरी,’ म्हणत
उन्हात हात जोडून उभे राहायचे सगळे,
पोराला शिकवू, होडीचं कर्ज फेडू,
एकेक वचन मोठ्याने देऊन बघायचे.
शेवटी दर्भाचा कावळा करायचे,
तो बिचारा शिवायचा.
तेव्हा हा इथे चिखलात गुडघे टेकून
लीकच्या बुंध्याला माती लावत असणार,
थंडीने नाक गळत, भूक शाबूत.

पणजीने कपाळ पुसलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची.
तिचं नाव मी कुठल्या पेपरात शोधू?
मला राग यायला हवा होता.
आला तो त्या किटलीचा.

शांतूआत्याला फोन लावला. तिकडे साडेदहा.
सगळं सांगितलं, दंडासकट.
ती गप्प. मागे विळीवर काहीतरी चिरलं जात होतं,
तेही थांबलं.
मग म्हणाली, ‘लीक म्हणजे काय गो?’
‘कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ.
मनगटाएवढा होतो.’
पुन्हा गप्प.
‘आणि तिसराच नंबर? पहिला कोणाचा?’

मी पान मोठं केलं, वाचून दाखवलं:
पहिला रॉब्सन, दुसरा चार्लटन.
ती ‘हां, हां’ करत राहिली,
भावकीतल्याच कुणाची नावं असल्यासारखी.
चौथा कोण, तेही विचारलं.