धाडव्यांची वही

गाडीसोबत वही फुकट आली.
ग्लोव्ह बॉक्समध्ये, शंभर पानी,
रबरबँड वितळून पुठ्ठ्याला चिकटलेला.
धाडवे सर्व्हेअर, मंडणगड.
किलोमीटर डावीकडे, खर्च उजवीकडे,
मधल्या रकान्यात दुखणं.

मुलगा म्हणाला होता, बाबा आता चालवत नाहीत,
शॉकअप मी परवाच बदलले.
बदलले नव्हते.
आंजर्ल्याच्या पहिल्याच खड्ड्यानं सांगितलं.

खाऱ्या वाऱ्याला पत्रा फार आवडतो.
दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फुगे येतात,
नखानं दाबले की कुरडईसारखे मोडतात.
बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं पीक;
गरम पाणी, सोडा, जुना टूथब्रश, मग ग्रीस,
एक आड एक रविवारी.
आणि खालून जळकं ऑइल, होडीच्या बुडाला फासतात तसं,
मी पोत्यावर उताणी
आणि शेजारची पोरं विचारतायत,
सिस्टर, मेलात काय?

बाकी सगळं वहीत एकदा-दोनदा येऊन जातं.
क्लच केबल. रेडिएटरची नळी.
एअर फिल्टरमध्ये उंदराचं बिऱ्हाड, पिल्लांसकट.
एकच दुखणं सतरा वेळा:
उटंबरचा चढ, दुसरं वळण, बंद.
प्लग बदलले. उटंबर, बंद.
कॉइल. बंद.
पंप नवीन.
पंप पुन्हा नवीन.
पुढे पुढे त्यांनी खर्चाचा रकाना मोकळाच सोडलाय:
पंधरा मिनिटं थांबलो. खाली दोन होड्या. चालू.

मीही थांबले, त्याच वळणावर,
मागच्या सीटवर लसींचा डबा,
त्यातला बर्फ घड्याळासारखा पाघळत.
बॉनेट उघडून बघत राहिले,
म्हणजे लोक बघतात तशी,
काही कळत नसताना.

अल्ताफ हमदुलेनं पाना हातात घेतलाच नाही.
म्हणाला, सिस्टर, ही बंद पडते कधी?
टाकी भरलेली असताना, की रिकामी असताना?

वीस वर्षं मी आयांना हेच विचारते आहे.
कधी रडतं? पिताना, की पिऊन झाल्यावर?
गाडीला विचारायचं सुचलं नाही.

रात्री वही उलटी उघडली.
मागच्या पानांवर पेट्रोलच्या तारखा,
दापोलीचा पंप, टाकी फुल.
पुढची तारीख, मागची तारीख, बोट ठेवून जुळवत गेले.
सतराच्या सतरा.
अख्ख्या तालुक्याच्या हद्दी जुळवणारा माणूस,
त्याच्या स्वतःच्या वहीची
दोन टोकं तेवढी जुळवायची राहिली.

पुढच्या खेपेला टाकी फुल केली मुद्दाम.
दुसरं वळण. आचका. बंद.
बॉनेटला हात लावला नाही.
मागे गेले, पेट्रोलचं झाकण फिरवलं
आणि हवा आत ओढली गेली,
पाण्याखालून वर आलेलं पोर घेतं
तसा एकच श्वास.
चावी फिरवली. चालू.

झाकणात एक झडप असते, मुगाएवढी.
मिठानं बसली होती.
नवीन झाकण एकशे ऐंशी रुपये.

वहीत लिहिलं: १,१२,६०८. झाकण.
अक्षर त्यांच्यापुढे फारच वेडंवाकडं दिसलं.
मग मंडणगडला फोन लावला.
मुलानं वडिलांना बोलावलं, सपाता फरफटत आल्या.
मी सगळं सांगितलं, झडपेचंही.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मग म्हणाले, म्हणजे आता तिथं थांबत नाही?
नाही.
बरं झालं.

आणि डावी मागची काच? खडखडते?
नाही, तिथं फटीत कागदाची एक घडी आहे.
ती माझी, म्हणाले.
एसटीचं तिकीट आहे.
काढू नका.