टेबलामागची जागा

जेलरोडच्या हॉलमध्ये टेबल एकच,
आणि त्याच्यामागे भिंत फार लवकर येते.
म्हणून सामन्याआधी मी आणि ताजनपुरे
टेबल हातभर पुढे ओढतो,
कॅरमचे बोर्ड व्हरांड्यात नेऊन ठेवतो.
मारणाऱ्याला टेबल पुरतं.
मला त्यामागची जागा लागते.

समोर जाचकांचा शर्विल, वय सतरा.
तो मारतो.
मी मागे सरते, चेंडू गुडघ्याखाली उतरू देते,
जवळजवळ हातचा जाऊ देते,
मग बॅट वरून खाली,
काकडीची साल काढावी तशी, पातळ.
चेंडू उलटा फिरत, जरा रेंगाळत
जाळीपलीकडे जातो.
तो मारतो. मी कापते. तो मारतो.

"अगं, तिथे जाऊन तू कापतेस तरी काय?"
आई विचारायची,
"एकदा ठोकून दे की!"
कसं सांगणार. हा हात
दिंडोरीला मामाच्या बागेत तयार झाला,
ऑक्टोबरच्या छाटणीत.
कात्री हातात देऊन मामा एवढंच म्हणायचा,
डोळे मोज, मग काप.
पुढे गायधनी सरांनी लांब दाण्यांचं रबर दिलं:
"हे सासरच्या माणसासारखं गं.
तू दिलेलंच परत करतं, फक्त उलटं करून."

दहा-नऊ.
सव्वीस, सत्तावीस... ताजनपुरे मोजतोय.
शर्विलचा टी-शर्ट पाठीला चिकटलाय,
माझा डावा गुडघा त्याचं जुनं गाऱ्हाणं सांगतोय.
आणि त्याची बॅट जरा उघडी राहते.
चेंडू उंच,
ट्यूबलाइटपर्यंत जाऊन
खाली येतोय, सावकाश,
ताटात वाढल्यासारखा.

"मार!" ताजनपुरे ओरडतो.
"मारा काकू!" दारातली पोरं.

हात वर गेला, खरंच गेला.
खाली येताना मात्र
त्यानं आपलं नेहमीचंच काम केलं.
चेंडू जाळीच्या पलीकडे कसाबसा टेकला
आणि माझ्याकडेच परत यायला निघाला.

शर्विल कुठे होता?
पार मागे, भिंतीला खांदा लागेल इतका मागे,
गुडघे वाकवून, बॅट छातीशी धरून
न आलेल्या फटक्याची वाट बघत.
माझ्या जागेवर.
इतक्या वर्षांत ती जागा मी
समोरून कधी पाहिलीच नव्हती.

"काकू, मारायचा होता ना तो."
"हो रे," म्हटलं.

मग टेबल परत हातभर मागे ढकललं.
सकाळी सहाला इथे
ज्येष्ठ नागरिकांचा योगवर्ग असतो.