वाटी

सोहार बंदरामागं, गोदाम क्रमांक सात.
बाहेर सत्तेचाळीस. आत पारा पंचवीसवर गेला
तर नोंदवहीत लाल शाई,
आणि लाल शाईखाली माझी सही.

बाटल्या विकणं माझं काम नाही.
विकता येतील का, एवढंच मी सांगतो.
साखर शंभर मिलीला किती,
तारखेत आधी दिवस की आधी महिना
(यावरून एकदा अख्खा कंटेनर परत गेला),
अरबी अक्षर मुंगीएवढं तरी आहे ना.

बुडबुडा असला की वर आणखी निम्मा कर.
शिहाबुद्दीन विचारतो, बुडबुडा मोजतात कसा?
मोजत नाहीत रे. दिसला की पुरे.

बाजार तसा बसलेलाच.
दुकानात फ्रीज उभा असतो बड्या कंपनीचा, फुकट,
आणि त्यात दुसऱ्याची बाटली ठेवायची नाही.
आमच्या पेट्या दाराबाहेर उन्हात,
पाण्याच्या जारांशेजारी, पाहुण्यांच्या चपलांसारख्या.
दुकानदार म्हणतो, कर धरून किंमत सांग.
सांगितली की हसतो. नाकापेक्षा मोती जड.

मंगळवारी वीस पेट्या आल्या, नमुन्याच्या.
पाठवणार : वासंती शेट्ये, लांजा.
कोकम सोडा.
लेबलवर मराठीत : हलवू नका. गार करून प्या.
उघडताना तोंड लांब.
सोबत वहीच्या पानावर चिठ्ठी :
साहेब, साखर आम्ही वाटीनं घेतो,
ग्रॅमचा आकडा पुतण्यानं काढून दिलाय.

मीही लांज्याचाच, हे मी कुणाला बोललो नाही.
आमच्या आळीत गोटी सोडा मिळायचा.
अंगठ्यानं गोटी आत ढकलली
की बाटली शीळ घालायची.
तेवढंच प्रमाणपत्र.

निरीक्षक सालिम अल-मामरी चष्मा कपाळावर सारून :
हे फळ कुठलं? चिंच?
चिंच नाही. डाळिंब नाही.
आंबट आहे, पण जिभेला चावत नाही.
अरबीत शब्द नव्हता, तेव्हा त्यांनी आवाजच लिहिला,
काफ, वाव, काफ, मीम.
मग हसून म्हणाले, शेवटची दोन अक्षरं वाच.
कम. म्हणजे, किती?
मी म्हटलं, साहेब, आमच्या बाजारातही
पहिला प्रश्न हाच असतो.

चिकटपट्ट्या मीच लावल्या, दोनशे चाळीस.
आयातदार, मूळ देश, घटक, उजवीकडून डावीकडे.
मराठी ओळी एकेक करून झाकल्या गेल्या.
शेवटची तेवढी उघडी राहिली,
उघडताना तोंड लांब.
पट्टी आखूड होती, असं मी लिहून ठेवलंय.

पाच बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या.
नवव्या दिवशी कागद आला.
लेबलवर साखर नऊ. बाटलीत साडेदहा.
माल परत पाठवा, किंवा समक्ष नष्ट करा.
परतीचं भाडं मालाहून जास्त.

दोनशे पस्तीस बाटल्या आम्ही दोघांनी ओतल्या,
मागच्या काँक्रीटवर, दुपारी, सालिम साहेबांसमोर.
प्रत्येक झाकणाला फुस्स.
गुलाबी पाणी गटारापर्यंत पोचलंच नाही,
वाटेतच वाळलं.
वास मात्र वर आला, पावशेर, आधी नाकात, मग घशात.
साहेबांनी विचारलं, चव कशी असते याची?
मी तेव्हा सही करत होतो. नष्ट : दोनशे पस्तीस.
म्हटलं, आता कसं सांगू?

शिहाबुद्दीननं मोजलं, डाग चार दिवस टिकला.

रात्री खोलीवर उत्तर लिहायला बसलो.
सौ. वासंती शेट्ये यांस, महोदया,
आपल्या मालातील शर्करेच्या प्रमाणात तफावत
हे खोडलं.
पुतण्याला गणित शिकवा, असं लिहिलं. तेही खोडलं.
शेवटी एवढंच ठेवलं :

ताई, वाटी तीच राहू दे.
आकडा बदला.
आणि तारखेत आधी दिवस, मग महिना.