दहा कुणगे

एकोणतीस वर्षं मी उघाडी सांभाळली,
पूर्णगडच्या अलीकडे, खारबंधाऱ्याच्या पोटातली,
सागाच्या दोन फळ्या, पितळी बिजागऱ्या.
भरतीचं पाणीच तिला लोटून बंद करायचं,
सुकती लागली की पाणीच उघडायचं.
माणसाचं काम एवढंच :
मध्ये गाळ बसला, ओंडका अडकला
की कमरेइतक्या चिखलात उतरायचं,
रात्र असो, ताप असो.

म्हणून रत्नागिरीच्या इस्पितळात
सोलकरांची नर्गिस माझ्या हाताला पट्टा आवळून म्हणाली,
"पाच मिनिटं रक्त अडवते, काका, मग सोडते,
आणि नळी किती रुंदावते ते बघते,"
तेव्हा हसू आलं.
पोरी, हे तर माझंच खातं.

उपाशीपोटी नळी उघडली. तिनं आकडा लिहिला.
मग म्हणाली, जेवा.
अनुसयेनं डबा दिलेला : वडे, कोंबडी,
रश्शावर बोटभर तवंग.
जेवलो. डाव्या कुशीवर आडवा झालो,
बापानं शिकवलं तसा.
दोन तासांनी पुन्हा पट्टा.
पडद्यावरची ती काळी पट्टी
या खेपेला नुसती कुरकुरली.

"गाळ बसला ना?"
"गाळ नव्हे. आतलं अस्तर.
असं जड जेवण झालं की ते थोडा वेळ सुस्तावतं,
मग येतं ताळ्यावर."
"मग झालं तर."
"पण दिवसातून तीनदा, काका, चाळीस वर्षं…"
वाक्य तिनं तिथंच ठेवलं
आणि हातावरची जेली पुसून घेतली.

पुढच्या सोमवारी तोच डबा, तेच वडे.
पण आडवं व्हायचं नाही.
"ताठ बसा. पोट हलू दे, छाती नको.
चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा."
भरल्या पोटी प्राणायाम? म्हटलं,
आमच्या शाळेतल्या योगाच्या मास्तरांनी
छडी हाणली असती.
"भाता मारायचा नाही, नाक दाबायचं नाही.
नुसतं सावकाश."

आकडे मला धड जमत नाहीत, मध्येच ढेकर येतो.
म्हणून मी कुणगे मोजले.
श्वास आत : तळीकडचा, वांगडाचा, सुरंगीखालचा, मधला.
श्वास बाहेर : लांबट, बोडका, भावकीचा,
खालचा, वळणाचा, उघाडीजवळचा.
पाणी आत. पाणी बाहेर.
पंधरा मिनिटं मी बंधाऱ्यावरून चालत होतो
खुर्चीत बसल्याबसल्या.

पट्टा सुटला. पट्टी फाकली.
उपाशीपोटी होती तेवढी नाही,
पण मागच्या सोमवारपेक्षा बरी.
मला उठून ओरडावंसं वाटलं.
नर्गिस म्हणाली, "एका माणसाच्या एका हातावरून
काही ठरत नाही. असे पुष्कळ हात लागतात.
कदाचित आज डब्यात तेल कमी असेल."
मी गप्प बसलो.
अनुसयेच्या हाताला कमी तेल ठाऊक नाही,
हे कुठल्या कागदात लिहिणार?

बंधारा फुटला त्याला आता सात वर्षं.
मी निवृत्त झालो, नवा माणूस आलाच नाही,
एका अमावास्येला खारं पाणी शिरलं
ते पुन्हा गेलं नाही.
कुणग्यांत तिवरं आलीत, खेकड्यांची बिळं.
बिजागऱ्या कुणीतरी विकल्या.
सातबाऱ्यावर अजून भात आहे.

रोज जेवल्यावर पायरीवर बसतो.
आतलं अस्तर मऊ होतं की नाही, देव जाणे,
मला ते दिसत नाही, पडदा रत्नागिरीत आहे.
दिसतो तो तळीकडचा, ओंब्यांनी वाकलेला.
वांगडाच्या बांधावर कुणाची तरी कोयती पडलेली.
लांबट, बोडका, भावकीचा…

अनुसया टोप घासता घासता आतून विचारते,
"झोपलात काय हो?"
ओ देता येत नाही.
अजून तीन कुणगे सोडायचे आहेत.