हवा कुठून येते

पळवली की गाडी शहाण्यासारखी वागते,
ऐंशीवर, शंभरवर, बर्फातल्या रस्त्यावरसुद्धा.
उभी केली की हिचं सुरू.
काटा बाराशेवर, मग पाचशेवर,
मग पुन्हा बाराशे, जणू कोणी
दारापर्यंत जाऊन परत येतंय.

इल्पोने ऑक्टोबरात तिला नवा कॅमशाफ्ट बसवला,
मोठं थ्रॉटल, जर्मनीहून मागवलेलं मॅनिफोल्ड.
कागद गिरणीचे शेवटचे पैसे.
"व्होल्व्हो आहे, सोसेल," म्हणाला.
मी काही बोलले नाही. सोसणाऱ्यांत मीही आहे.

आता डिसेंबर. केमीत दुपारी दोनला दिवे लागतात.
आयडलचा व्हॉल्व्ह त्याने चार वेळा धुतला,
सेन्सर बदलला, तारा चाचपल्या,
प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले,
भाजून पांढुरके पडलेले.
शेजारचा टाउनो म्हणाला, जुनं होतं ते परत बसव.
त्या रात्री इल्पो जेवायला बसला, उठला,
खिडकीशी गेला, बसला, उठला.
एकतीस वर्षं पाळीवर गेलेला माणूस.
नुसतं थांबायचं कसं, हे त्याला
कोणी शिकवलंच नव्हतं.

मी अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करते.
भात्याच्या घडीत केसाएवढी फट असली
तरी सूर टिकत नाही,
आणि ती फट डोळ्यांना दिसत नाही.
सूप खाली उतरवलं, कोट चढवला,
हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावून
दुसरं इंजिनावरून फिरवत गेले.
पट्ट्याची कुरकुर. इंजेक्टरांची टिकटिक.
आणि मॅनिफोल्डच्या पोटाखाली, अंधारात,
स्स्स.

करंगळीच्या पेराएवढं तोंड,
टोपणच नाही त्यावर.
बोट ठेवलं. काटा थबकला.
बोट काढलं. पुन्हा येरझाऱ्या.
बोट ठेवलं,
आणि इंजिन ते आत ओढू लागलं,
तान्हं ओढतं तसं.

"मोजणाऱ्याला चुकवून हवा आत शिरतेय," मी म्हटलं.
इल्पो माझ्या हाताकडे बघत राहिला,
खोकला, टोपण शोधायला गेला
आणि बराच वेळ आलाच नाही.
मी बोट धरून तशीच वाकलेली.

अजूनही ती अगदी गप्प नसते.
या कॅमला नऊशेवर झोप लागत नाही.
हजाराच्या जरा वर डुलत राहते,
धड्-धड्, मध्येच एक ठोका गाळून.
हे आता असंच, इल्पो म्हणतो.

काल संध्याकाळी तो चावी फिरवून आत बसला होता.
गॅरेजचं दार सताड उघडं, बाहेर उणे बावीस,
कुठे जायचं नव्हतं.
मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले.
"ते भाते येतात ना तुझ्याकडे,"
काट्यावरची नजर न काढता त्याने विचारलं,
"त्यांना गोंद कोणता लावतेस?"