अर्धं तिकीट

अमळनेर–धुळे, सकाळची साडेसातची एसटी.
कंडक्टर विचारतो, कुठं?
"धुळे. सिव्हिलला."
सिव्हिलचं त्यानं विचारलेलं नसतं.
तरी मी सांगून बसते,
कामाच्या दिवशी बाई हिंडायला निघाली
असं कुणाला वाटू नये म्हणून.

पहिल्यांदा जळगावला गेले होते.
भिशी लागली त्या महिन्यात.
आठशे रुपये, चाळीस मिनिटं,
काचेच्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा.
मॅडम चांगल्या होत्या, खोटं का बोलू.
"नेमकं काय वाटतं तुम्हाला?" म्हणाल्या.
मी घरची बोली बाहेर चपलांजवळ ठेवून आलेली.
"अस्वस्थ" हा शब्द सापडेपर्यंतच
दोनेकशे रुपये गेले.
भावाचं नाव ओठावर आलं
आणि वेळ संपली.
पुढच्या आठवड्यात या, म्हणाल्या.
पुढची भिशी सिंधूताईला लागली.

तोवर फुकटचं पुष्कळ मिळालं.
जाऊ म्हणाली, कानबाईला रोट बोल.
बोलले. केले. सगळ्यांनी खाल्ले.
मेसवाले अण्णा म्हणाले, मन घट्ट कर.
मन घट्ट करायला दमडी लागत नाही,
म्हणून जो तो तेच वाटत फिरतो.

दुखणं तरी काय सांगायचं?
सुरतेहून फोन आला
तेव्हा तो स्टीलच्या ताटात ठेवला होता.
थरथरत थरथरत ताटाच्या काठापर्यंत गेला.
मी उचलला.
तेव्हापासून ताट वाजलं की
छातीत कुणीतरी धावत सुटतं.
आणि मी कॉलेजजवळच्या मेसमध्ये
ताटं घासते.
दुपारची दोनशे, रात्रीची दीडशे.

केसपेपरच्या खिडकीतून विचारलं, "आजार?"
"ताट" म्हणणार होते. "झोप" म्हटलं.
त्यानं लिहिलं : झोप नाही.
खोली एक्स-रेच्या मागं.
दारावर अजून जुनीच पाटी, लसीकरण.
बाकावर होमगार्डचा शर्ट घातलेला एक माणूस,
ओढणीचं टोक पिळत बसलेली एक पोरगी,
आणि मी.
तिघंही एक्स-रेच्या दाराकडं बघतो,
जणू आमचं हाडच मोडलंय.

आत तेजल बेडसे. मॅडम कसली, पोरगीच,
माझ्या पुतणीएवढी.
मी आठशेचा शब्द तयार ठेवला होता :
"अस्वस्थ वाटतं."
तिचं पेन थांबलं.
"माहेर कुठलं तुमचं?"
"बेटावद."
ती खुर्ची सरकवून जरा जवळ आली.
"काय व्हई ऱ्हायनं तुले, माय?"

ताट वाजनं की मन्हं काळीज हालस.
भाऊ गया मन्हा.

नऊ शब्द. अकरा महिने लागले.
रुमालाचा डबा तिथं नव्हता.
पदर होता.

आता गुरुवार तिचा.
अण्णा अर्ध्या दिवसाचा पगार कापतात.
रात्रीच्या ताटांना मी पोचते.
एका गुरुवारी तिला कुठल्याशा शिबिराला पाठवलं होतं,
बंद दाराला हात लावून परत आले,
दोन्हीकडचं भाडं पाण्यात.
बसमध्ये तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या,
आणि लक्षात आलं, अकरा महिन्यांत
पहिल्यांदाच कुणावर तरी रागावलेय.
पुढच्या वेळी तिला सांगितलं.
ती इतकी हसली
की बाहेरून होमगार्डनं डोकावून बघितलं.

तिचं कंत्राट मार्चपर्यंत.
पुढं कोण येईल, येईल का,
तिलाही माहीत नाही.
मी विचारायचं टाळते. तीही.

काल मेसमध्ये एक ताट हातातून निसटलं,
फरशीवर गोल गोल फिरत राहिलं कितीतरी वेळ.
छातीतलं धावत सुटलंच.
पण मी ते थांबेपर्यंत उभी राहिले,
मग उचललं,
आणि राखेचा हात मारून
पुन्हा घासलं.

"अर्धंच ना?" कंडक्टर विचारतो.
हो. बायांना अर्धंच लागतं.
उरलेल्या अर्ध्यात
केसपेपर, एक चहा,
आणि कधी जमलं तर तिच्यासाठी
कागदात बांधलेल्या दोन बिबड्या.